न केलेला अर्ज

फॅरेलबाई खुर्चीत आडव्या झाल्या, गळ्याशी निळा कागदी रुमाल अडकवू दिला आणि तोंड उघडण्याआधी सहज म्हणाल्या, "शिष्यवृत्तीबद्दल अभिनंदन हं, मार्सेला. पोरीने नाव काढलं. ऑनर्सचा अर्ज केला असता तर तेही मिळालं असतं. पण नाही केला तिने. असो." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले आणि मोठा आ केला.

मार्सेलाच्या हातातला छोटा आरसा बाईंच्या खालच्या ओठापाशी येऊन थांबला. फॅरेलबाई मार्सेलाच्या मुलीच्या, कोराच्या, शाळेत सल्लागार. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी कुठल्या कॉलेजात अर्ज करायचे, कुणाची शिफारस घ्यायची, हे सगळं त्यांच्या हातात. म्हणजे त्यांना माहीत असणारच. "अर्ज केला नाही म्हणजे?" असं मार्सेलाच्या अगदी जिभेवर आलं. पण विचारायचं कुणाला? समोरच्या तोंडात आता आपलीच दोन हत्यारं आणि पाणी ओढणारी नळी. हा धंदाच असा. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं ती लोकांच्या दातांवरचं कीटण खरवडत होती आणि त्या सगळ्या वर्षांत ती बोलायची आणि माणसं ऐकायची. हवामान, बर्फ, चर्चमधली भांडणं, नवऱ्याचं घोरणं. तिचं कुठलंही मत कुणी कधी खोडून काढलं नव्हतं. फार तर घशातून 'अं अं' असा आवाज यायचा आणि तो होकार समजून ती पुढे जायची. आज मात्र तिला उत्तर हवं होतं आणि उत्तर त्या उघड्या तोंडात, दाढांच्या मागे कुठेतरी अडकून पडलं होतं.

ती खरवडत राहिली. वरच्या डाव्या दाढेमागे नेहमीसारखं कीटण साठलं होतं. बाहेर रस्त्याच्या कडेला काळपट पडलेल्या बर्फाचे ढीग उन्हात गळत होते. गटाराच्या जाळीत पाणी खळखळत होतं, ते काचेतूनही ऐकू यायचं. मार्सेलाला नोव्हेंबरातली संध्याकाळ आठवली. कोरा फ्रिजचं दार उघडं टाकून आत बघत उभी होती. "ऑनर्सचं झालं का गं पाठवून?" असं आपण विचारलं होतं आणि ती "हं" म्हणाली होती. तो 'हं' मार्सेलाने आता मनात उलटापालटा करून बघितला. 'हं, झालं' असा नव्हता तो. 'हं, ऐकलं' असा होता. इतके महिने आपण एका 'हं'वर घर बांधून राहत होतो! आणि परवाच तर शिष्यवृत्तीची बातमी आली होती. ड्वेन, तिचा नवरा, नगरपालिकेचा बर्फ ढकलणारा ट्रक चालवतो. त्याने तो अवाढव्य ट्रक थेट दाराशी आणून भोंगा वाजवला होता. गल्लीतले कुत्रे तासभर भुंकत होते. चारी वर्षांची फी माफ. कोरा जिन्यावर बसून हसत-रडत होती. त्या गोंधळात मार्सेलाने मनाशी म्हटलं होतं, ऑनर्सचं मागाहून कळवतील.

आणि आता छातीत हे पोकळ काय वाटतंय? जे हवं होतं ते पदरात पडलं. ज्याच्यापायी लोक झोप घालवतात ते न मागता मिळालं. तरी एखाद्या बाईने गळ्यात हार पडल्यावर पदक कुठाय म्हणून विचारावं, तसं आपलं मन कुरकुरतंय. मार्सेलाला स्वतःचाच राग आला आणि रागाच्या भरात तिने बाईंची हिरडी जरा जास्तच टोचली. बाईंनी एक डोळा उघडला. "माफ करा हं," मार्सेला म्हणाली.

शेवटी चूळ भरून झाल्यावर बाई उठून बसल्या. मार्सेला एकदम म्हणाली, "पण बाई, अर्जाशिवाय शिष्यवृत्ती कशी मिळाली मग?"

"अगं, त्या विद्यापीठात शिष्यवृत्तीला वेगळा अर्ज लागतच नाही. प्रवेशाचा अर्ज केलास की ते आपले आपण मार्क बघून ठरवतात. ऑनर्सचं तसं नाही. तिथे निबंध लिहायचे, मुलाखतीला जायचं. छोटे वर्ग, भरपूर वाचन, शेवटी एक प्रबंध. पैशाचा तिथे काही संबंध नाही."

"मला वाटायचं दोन्ही एकच."

"सगळ्यांनाच वाटतं. काही ठिकाणी असतातही एकत्र. ऑनर्समध्ये घेतलं की शिष्यवृत्ती आपोआप. काही ठिकाणी तर शिष्यवृत्ती टिकवायची असेल तर ऑनर्समध्ये राहावंच लागतं. पण इथे नाही. एका गल्लीत राहतात म्हणून दोन बायका काही सख्ख्या बहिणी होत नाहीत, मार्सेला." बाईंनी जिभेने दात चाचपून बघितले आणि खूश होऊन त्या निघून गेल्या.

एका गल्लीत राहतात म्हणून. हे तिला कुणी तीस वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर! तेव्हा ती अठराची होती आणि तिला कोरा आता जाणार त्याच, टेकडीवरच्या विद्यापीठाने ऑनर्समध्ये घेतलं होतं. शाळेतून आणखी कुणालाच नाही. बाबांनी ऐकलं आणि ते कामाचे बूटही न काढता गावातल्या स्लोव्हाक लोकांच्या क्लबात गेले. तिथे त्यांनी एका खुर्चीवर चढून सांगितलं की आमच्या मार्सेलाला मानाने बोलावलंय. मानाने, हाच शब्द. ज्याला मानाने बोलावतात त्याच्याकडून कुणी पैसे मागत नाही, ही बाबांची साधी समजूत, तिचीही तीच. त्या रात्री क्लबात अकॉर्डियन वाजलं, ती आपल्या हुडाक घराण्यातल्या सगळ्या काकांबरोबर नाचली आणि तिच्या नव्या सँडलचा पट्टा तुटला. मग उन्हाळ्यात फीचा आकडा आला. शिष्यवृत्तीचं वेगळं असतं, आणि तेव्हा त्याला वेगळा अर्जही लागायचा. त्याची मुदत नाचाच्या आधीच टळून गेली होती. आई-बाबांचं स्वयंपाकघरात खालच्या आवाजात बोलणं चालू असताना ती आत गेली आणि म्हणाली, "मला नाहीच जायचं तिथे. मला दातांचा कोर्स करायचाय, गावातच." असं काही नव्हतं. पण म्हणता म्हणता तसं झालं. काम तिला आवडायला लागलं, ड्वेन भेटला, कोरा झाली. तिला दुःख होतं असं कुणी म्हणालं असतं तर ती हसली असती. फक्त कधी त्या बाजूने जाताना टेकडीवरची विटांची ती इमारत दिसली की वाटायचं, तिथे आत माणसं काय बोलत असतील? तिने मनात त्या घराला उंच खिडक्या लावल्या होत्या, जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं रचली होती, आणि हळू आवाजात बोलणारी, कधीच न चुकणारी माणसं तिथे नेऊन बसवली होती.

संध्याकाळी चर्चच्या तळघरात मासे तळायचा कार्यक्रम होता. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतला शुक्रवार, मांस वर्ज्य. अर्धं गाव तिथे. मोठ्या कढयांचा वास, ओले कोट, लहान मुलांची पळापळ. तिचे बाबा, कोराचे देदो, वयाच्या ऐंशीतही एप्रन बांधून पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, वाढत होते. कोराला रांगेत बघताच त्यांनी झारा उंच केला. "सरका, सरका! सरकारी पाहुणी येतेय! चार वर्षं फुकट शिकणार आहे!"

"देदो, हळू ना," कोरा लाजून म्हणाली.

"हळू कशाला? मी काय चोरी केलीय?" आणि त्यांनी तिच्या ताटात दोन पिरोगी जास्त टाकल्या.

टेबलाशी डोलोरेसबाई होत्या. त्यांना गावातलं सगळं लक्षात राहतं, नको असेल तेही. त्यांनी कोराचा गालगुच्चा घेतला आणि मार्सेलाकडे वळून म्हणाल्या, "आणि ते तुला मिळालं होतं ते गं, ऑनर्स का काय? तेही मिळालं असेल ना पोरीला? आईवर गेलीय म्हणजे."

"हो, मिळालं की," मार्सेला म्हणाली.

शब्द बाहेर पडले आणि मगच तिच्या कानावर आले. शेजारी कोराचा काटा ताटावर टेकला. डोलोरेसबाई लगेच मागच्या टेबलाकडे वळून ओरडल्या, "ऐकलं का, ऑनर्ससुद्धा!" तिकडून टाळ्या आल्या. देदोंनी झाऱ्याने कढईवर टण्णकन आवाज काढला. मार्सेला माशाचा काटा शोधू लागली. त्या माशात काटा नव्हता.

परतताना गाडी मार्सेला चालवत होती. चर्चपासून घर जवळच. पण मार्सेलाने मुद्दाम सरोवराच्या बाजूचा लांबचा रस्ता घेतला. काठाशी बर्फाच्या लाद्या फुटत होत्या, पाण्यावर शेवटचा उजेड होता.

"आई, मी अर्ज केला नव्हता."

"माहीत आहे. फॅरेलबाई बोलल्या आज."

"मग हो कशाला म्हणालीस?"

"तोंडातून गेलं. आणि तू 'हं' कशाला म्हणालीस नोव्हेंबरात?"

"तू माझ्या पाठीशी बोलत होतीस म्हणून. माझं तोंड फ्रिजमध्ये होतं."

दोघींना हसू आलं आणि दोघींनीही ते दाबलं. अजून भांडण संपलं नव्हतं. कोराने पाय सीटवर घेतले. "मी बसले होते गं लिहायला. खरंच. प्रश्न असा होता की तुम्हाला कशाचं कुतूहल वाटतं. मी तीन वेळा लिहिलं. दर वेळी वाचून बघते तर ते तुझं कुतूहल. तू जेवताना विचारतेस ना, माणसं असं का करतात, तसं का करतात? ते सगळं. मला नाही गं पडत ते प्रश्न. मला सरोवराच्या पाण्यातलं शेवाळ मोजायला आवडतं आणि ट्रॉम्बोन वाजवायला आवडतो. आणि पहिल्या वर्षाचा ऑनर्सचा वर्ग नेमका बँडच्या सरावाच्या वेळेला असतो. मी विचारून घेतलं. मला बँडमध्ये जायचंय."

"ट्रॉम्बोनसाठी ऑनर्स सोडलंस?"

"सोडलं नाही. घेतलंच नाही."

मार्सेलाला राग आला होता, पण त्याला बसायला जागा सापडत नव्हती. पोरीने खोटं लिहायचं नाकारलं होतं, यात रागवायचं कशावर? रात्री अंथरुणात ड्वेनला तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "रस्ता मोकळा आहे ना तिच्यापुढे? मग झालं." तो प्रत्येक गोष्टीचा विचार रस्त्यासारखा करतो. आणि तरी मार्सेलाच्या मनात एक चिवट विचार उरलाच, की अजून काही करता येत असेल. मुदत संपली तरी मागचं एखादं दार असतं. आपल्या वेळी कुणी जाऊन विचारलंच नव्हतं.

पुढच्या शनिवारी विद्यापीठाने प्रवेश मिळालेल्या मुलांना आई-बापांसकट बोलावलं होतं. लख्ख ऊन पडलं होतं. कोट काढून हातात घ्यावा असं वर्षातलं पहिलं ऊन. टेकडीवर फुगे बांधले होते, टोप्या वाटत होते आणि कुणीतरी फुकट आइस्क्रीम देत होतं. कोरा बँडच्या तंबूकडे जाते म्हणाली. मार्सेला म्हणाली, "जा, मी जरा पाय मोकळे करते." आणि तिचे पाय तिला थेट त्या विटांच्या इमारतीकडे घेऊन गेले. दारावर पाटी होती: ऑनर्स. आता आत जायचं, शांतपणे विचारायचं, माझ्या मुलीला अजून अर्ज करता येईल का, आणि बाहेर पडायचं.

आत उंच खिडक्या नव्हत्या. एक अंधारा पॅसेज होता, भिंतीवर ओल होती आणि कुठेतरी रेडिएटर जुन्या मोटारीसारखा ठोके देत होता. डावीकडच्या खोलीत जुळत नसलेल्या खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. त्यांत दहा-बारा मुलंमुली आणि दोन-तीन आई-बाप बसले होते. मधल्या टेबलावर बिस्किटांचा डबा. एक उंच, पांढऱ्या केसांची बाई खेळाचे बूट घालून दारातच उभी होती. तिने मार्सेलाचा हात धरला. "या, या, एक खुर्ची उरलीच आहे. मी प्राध्यापक हॅडली. नमुन्याचा वर्ग आहे, पालकांनीही बोलायचं, नुसतं बसायचं नाही."

"मी फक्त विचारायला आले होते…"

"इथे सगळे विचारायलाच येतात. बसा."

मार्सेला बसली. खुर्चीचा एक पाय आखूड होता. हॅडलीबाईंनी बिस्कीट मोडत प्रश्न टाकला: मेलेल्या माणसाला दिलेलं वचन मोडलं, तर नुकसान कुणाचं? खोलीत कुणी बोलेना. मुलं बुटांकडे बघत होती. मार्सेलाला शांतता सोसत नाही. शांतता झाली की बोलून ती भरायची, ही तिची रोजची सवय. ती म्हणाली, "नुकसान त्या माणसाचंच. माझ्या आईने जाताना माझ्याकडून वचन घेतलं की नाताळच्या आंबवलेल्या कोबीच्या सुपात आलुबुखार घालायचे. मला आलुबुखार बघवत नाहीत. घरात कुणालाच आवडत नाहीत. पण मी दर वर्षी घालते. नाही घातले तर आईला फसवल्यासारखं होईल." तिला वाटलं, झालं, आता सगळे माना डोलावतील.

समोरचा एक मुलगा पुढे सरकला. दातांना तारा होत्या, चांगल्या लावलेल्या. "मला नाही पटत," तो म्हणाला.

मार्सेलाने ऐकलं ते खरं का, असं वाटून त्याच्याकडे बघितलं.

"म्हणजे रागावू नका. पण तुमच्या आईला आता सूप कळत नाही. तुम्ही वचन पाळताय ते तुमच्यासाठी. तुम्हाला चांगली मुलगी राहायचंय. तसं असेल तर ते वचन आईला दिलेलं उरलंच नाही. ते तुम्ही स्वतःला दिलंय. आणि स्वतःला दिलेलं वचन आपण सोडू शकतो."

"असं कसं?" मार्सेला म्हणाली. "मग हॉस्पिटलात मी कुणाचा हात धरला होता? माझा?"

"तेव्हा त्यांचा. आता नाही."

"नाही, हे चूक आहे," एक चष्मेवाली मुलगी मध्येच म्हणाली, आणि क्षणभर मार्सेलाला वाटलं आपल्या बाजूचं कुणीतरी निघालं; पण ती मुलगी दोघांनाही चूक म्हणत होती. तिचं म्हणणं, नुकसान घरातल्या बाकीच्यांचं, कारण न आवडणारं सूप त्यांना खावं लागतं आणि त्यांनी तर काहीच वचन दिलेलं नाही. सगळे हसले. मार्सेलाही हसली आणि हसता हसता खुर्चीच्या कडेवर आली. तिने आणखी एक बाजू काढली, ती त्या मुलाने पाडली. तिने दुसरीकडून सुरुवात केली, मधल्यामध्ये तिला स्वतःलाच दिसलं की आपण मघाचंच बोलतोय, आणि ती म्हणाली, "थांबा, थांबा, मी चुकले. परत सांगते." मी चुकले! केवढा मोकळा शब्द. जणू घट्ट बूट काढून गार फरशीवर पाय ठेवला. कुणीतरी तिचं म्हणणं हातात घेत होतं, वळवून बघत होतं, इथे भोक आहे म्हणून बोट घालून दाखवत होतं, आणि परत देत होतं. तिचे कान तापले होते. तिने न बघता दोन बिस्किटं खाल्ली; ती शिळी होती. न चुकणारी माणसं इथे कुणीच नव्हती. सगळी चुकत होती, मोठ्याने आणि आनंदाने चुकत होती. त्या उंच खिडक्यांच्या घरात आपण कुणाला बसवलं होतं इतकी वर्षं!

वर्ग सुटला. तारांचा मुलगा जाताना म्हणाला, "तुम्ही भारी वाद घालता." ती म्हणाली, "तू दातांना रात्री रबर लावत जा, डावीकडचा मागे राहिलाय." मग ती हॅडलीबाईंपाशी गेली आणि ज्या कामासाठी आली होती ते बोलली. मुलगी इथेच येणार आहे. शिष्यवृत्ती मिळाली आहे. ऑनर्सचा अर्ज केला नव्हता.

"पहिली सहामाही झाल्यावर आतूनही करता येतो," हॅडलीबाई टेबलावरचा चुरा गोळा करत म्हणाल्या. "केला नाही तर शिष्यवृत्तीला धक्का लागत नाही, केला तर वाढत नाही. तिला यायचंय का?"

हाच तो प्रश्न. मागचं दार तिच्यासमोर उघडं होतं. मार्सेलाने तोंड उघडलं आणि आतून आलं ते तिला फार सोपं वाटलं. "नाही. तिला नाही यायचं. तिला ट्रॉम्बोन वाजवायचाय."

"उत्तम. ट्रॉम्बोनवाले कमीच आहेत. आणि तुम्हाला?"

"मला काय?"

"दर गुरुवारी दुपारी माझा वर्ग असतो. असाच. परीक्षा नाही तुम्हाला, पदवी नाही. वर्गात बसायला माझी परवानगी लागते; ती मी आत्ताच दिली."

"आमचा दवाखाना गुरुवारी दुपारी बंद असतो," मार्सेला म्हणाली, आणि मग बाईंचा हात हातात घेऊन नको इतका वेळ हलवत राहिली.

बाहेर ऊन तसंच होतं. हिरवळीवर बँड वाजत होता. नव्या मुलांनाही त्यांनी रांगेत उभं केलं होतं, कुणाच्या डोक्यावर मोठी टोपी, कुणाच्या लहान. कोरा ट्रॉम्बोनवाल्यांच्या टोकाला होती. गाल फुगलेले, चेहरा लालबुंद, केस तोंडावर. नळी पुढे गेली की ती गुडघ्यातून वाकायची आणि मागे आली की उसळायची. मार्सेलाने तिला हजार वेळा वाजवताना ऐकलं होतं. तळघरातून वर येणारा तो हंबरडा ऐकत ती भांडी घासायची. पण इतक्या जणांमध्ये, इतक्या उघड्यावर कधी बघितलं नव्हतं. ही आपली नव्हे, असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्यात दुःखाचा लवलेशही नव्हता. ही स्वतःची आहे. शेजारच्या एका अनोळखी बापाला ती म्हणाली, "ती टोकाची, चुकीच्या पायावर नाचतेय ना, ती माझी."

परतीच्या वाटेवर गाडी कोरा चालवत होती. मार्सेलाने सगळं सांगितलं. मागच्या दाराचं, बिस्किटांचं, तारांच्या मुलाचं. "तू चोरून ऑनर्सच्या वर्गात बसलीस?" कोरा एवढी हसली की तिला गाडी कडेला घ्यावी लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "आणि हरलीस?"

"पार हरले."

"किती खूश दिसतेयस गं."

रविवारी दोघी देदोंकडे गेल्या. ते बटाट्याचे पोळे भाजत होते. मार्सेलाने कोटही न काढता सांगून टाकलं: "बाबा, मी त्या माशांच्या शुक्रवारी खोटं बोलले. कोरा ऑनर्समध्ये नाही. तिला नकोच होतं."

देदोंनी पोळा उलटला. "शिष्यवृत्ती आहे ना?"

"ती आहे."

"मग त्या डोलोरेसला मी सांगतो. तिला चुकीची बातमी दिली की ती चार दिवस नीट वागते." त्यांनी पोळ्याची कड दाबली. "तुझ्या वेळी मी खुर्चीवर चढलो होतो, तेव्हाही लोक मागाहून म्हणाले, हुडाकने उगाच बडबड केली. मी म्हटलं, उगाच काय? पोरीला घेतलं होतं का नव्हतं? गेली नाही ते पुढचं. बोलावलं होतं हे खरंच ना? ते काही कुणी परत नेलं नाही."

मार्सेला खुर्चीत बसली. तिने याकडे या बाजूने कधी बघितलं नव्हतं. डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं, पण कोरा म्हणाली, "देदो, तिला आता परत बोलावलंय. गुरुवारी. वाद घालायला." आणि मग सगळं परत सांगावं लागलं, वचनाचं आणि सुपाचं.

देदोंच्या हातातलं उलथणं हवेत राहिलं. "आलुबुखार? तुझी आई? अगं, तिला कुठे आवडायचे! माझ्या आईने मरताना तिच्याकडून वचन घेतलं होतं. ती दर नाताळाला मला शिव्या घालत घालायची."

कोराने टेबलावर डोकं टेकलं. तिचे खांदे गदगदा हलत होते. मार्सेलाला आधी उचकीसारखं काहीतरी आलं, मग ती हसू लागली, आणि तिला थांबताच येईना. कोटाची बटणं लागलेली, पोट दुखू लागलेलं, आणि शेजारच्या घरातून कुणीतरी भिंत ठोकलेली.

"मी आत्ताच सांगून ठेवते," कोरा धापा टाकत म्हणाली, "मला कुणीही कसलंही वचन मागायचं नाही."

"पण तो तारवाला पोरगा चूक आहे," देदो एकदम म्हणाले. पोळा तव्यावर काळा पडत होता, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. "वचन सोडता येतं म्हणे! असं कसं सोडता येईल? मला बोलू दे त्याच्याशी. गुरुवारी किती वाजता निघायचंय? आणि गाडीत पुढची जागा माझी."